बारा अक्षरांचे गोळे

"मोबाइलात नवरा बघतेस काय गो?"

गोजरबाईंचा आवाज आधी दुकानात यायचा, बाई मागाहून. माधुरीनं फोन मशीनवर पालथा ठेवला आणि हसली.

"नाय ओ मावशी. गोळे खेळते."

"गोळे? हे काय नवीन?"

"ग्रहगोळे. आभाळातले."

"मग त्यातला एखादा पसंत कर. जमिनीवरचे तर तुला कुणी पटले नाय."

शहापूरच्या बाजारात भांडेगल्लीच्या शेजारी एक बोळ आहे. त्या बोळात माधुरीचं दुकान, 'फॉल, पिको, ब्लाऊज, अर्जंट'. पाटीवरचा 'अर्जंट' हा शब्द राहीनं रंगवलेला. माधुरीला तो कधीच पटला नव्हता. तिच्या हातून अर्जंट काही होत नसे. ती कापडाला आधी बोटांनी चाचपायची, मग डोळ्यांनी, मग कात्री उचलायची आणि परत खाली ठेवायची. बायका वैतागायच्या, पण यायच्या. तिनं शिवलेला ब्लाऊज काखेत काचत नाही, असं किन्हवलीपर्यंत बोललं जायचं.

आई गेली तेव्हा माधुरी शाळेत होती आणि राही अजून दुपट्यात. माधुरीनं तिला कडेवर घेऊन स्वयंपाक केला, तिच्या वेण्या घातल्या, तिची दप्तरं शिवली. मधल्या काळात माधुरीला स्थळं आली नाहीत असं नाही. आली, चहा प्यायली, पत्रिका घेऊन गेली. कुणाचे गुण जुळले नाहीत, कुणाची आई म्हणाली, "धाकटीला कोण बघणार मग? ती पण आमच्याकडेच येणार काय?" होता होता स्थळं यायची थांबली, आणि ती कधी थांबली हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

गोळे आणले राहीनं. कॉलेज सुटलं की ती दुकानात यायची, कपड्यांच्या गठ्ठ्यावर मांडी घालून बसायची आणि ताईच्या फोनमध्ये कायकाय भरायची. पहिल्यांदा तिनं पळापळीचे खेळ आणले. माधुरीला ते झेपेनात.

"मी बोट उचलेपर्यंत मेलेली असते गो."

"म्हणून हा आणला. ह्यात घाईच नाय. तू चाल करेपर्यंत आख्खं आभाळ थांबतं."

"आख्खं?"

"आख्खं. एक दगडसुद्धा हलत नाय."

हे ऐकून माधुरीनं पहिल्यांदा तो फोन नीट हातात घेतला. आयुष्यात तिच्यासाठी थांबलेलं असं काही तिला आठवत नव्हतं.

खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. दोघी त्याला गोळेच म्हणत. काळ्या आभाळात मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं. आपल्याकडे एक ग्रह, एक यान. यान पुढं सरकवलं की अंधार थोडा मागे हटतो आणि नवा गोळा दिसतो, कुठे नुसता बर्फ, कुठे पाणी, कुठे राहण्याजोगं. तिथे वस्ती करायची, शोध लावायचे, यानं बांधायची. एकीची चाल झाली की फोन दुसरीकडे. मशीनच्या या बाजूनं त्या बाजूला फोन जायचा, आणि मधल्या वेळात माधुरीची एक शिवण पुरी व्हायची. दोन टाक्यांच्या मधे मावेल एवढाच खेळ. तिला तो याचसाठी आवडला.

राहीच्या मात्र तक्रारी फार.

"लढाई कसली भिकार आहे ही! दोन यानं समोरासमोर येतात, एक आकडा चमकतो, एक गायब. धड धूर पण नाय."

"बरंय की. धूर कशाला हवा?"

"आणि पुढं पुढं किती लांबतं, ताई! वीस-वीस गोळे झाले की ह्याला पाणी दे, त्याला अन्न दे, हा नाराज, तो रुसला. सासर वाटतं."

"तुला काय माहीत सासर?"

"तुला तरी काय माहीत?"

दोघी हसायच्या. आणि तिसरा तो जांभळा, फोन स्वतः खेळायचा तो. मोठा सभ्य. हल्ला करायच्या आधी पाटी झळकवायचा, 'आदरणीय शेजारी, आपल्या सीमेवरील हालचालींबद्दल आम्हांला खेद वाटतो.' राहीनं त्याचं नाव तलाठी ठेवलं होतं.

मग राही गेली.

आदेश वरच्या पाड्यातला, डोंगरालगतचा. मुरबाडला कंपनीत कामाला. मुलगा शांत होता, पोटापुरतं कमावत होता, राहीवर त्याचा जीव होता, यातलं काहीच लडकूंच्या, म्हणजे या दोघींच्या बाबांच्या, कानापर्यंत गेलं नाही. "वरच्या पाड्यातला जावई माझ्या उंबऱ्यात नको," एवढं एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. राहीनं कचेरीत जाऊन लग्नाची सही केली त्या संध्याकाळी त्यांनी माधुरीला हाक मारली. घराच्या मधल्या खोलीत कणगी होती, बांबूची, शेणानं सारवलेली, कमरेएवढी. आता गावात सगळे भात पिंपात भरतात, पण लडकूंनी ती ठेवली होती.

"हात ठेव."

माधुरीनं कणगीवर हात ठेवला.

"राहीशी एक शब्द बोलणार नाय. फोन नाय, मेसेज नाय, निरोप नाय. बोल."

"बाबा..."

"बोल माधुरी."

"नाय बोलणार."

"कणगीवर बोललीस. लक्षात ठेव."

त्या घरात कणगीवरचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. लडकूंच्या एका चुलत्यानं म्हणे बांधावरून खोटी शपथ घेतली होती, आणि त्या साली कणगीत घूस शिरली. तो चुलता पुढे सगळ्यांना सांगायचा, घूस आधीपासून होती. पण ऐकतो कोण.

त्या दिवसापासून घरात दोनच ताटं वाढली जाऊ लागली. लडकू खाली बघून जेवायचे, माधुरी त्यांच्याकडे बघून. चमच्याचा आवाज आला तरी दचकायला व्हायचं. दुकानात बायकांचा गलका असायचा, पण तो गलका मापांचा आणि बाह्यांचा. "कोपरापर्यंत का वर?" हे विचारणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

भात कापायच्या दिवसांत एकदा, दुपारच्या वेळी, फोन थरथरला. 'एका साम्राज्याने तुम्हांला आव्हान दिले आहे.' खाली खेळाडूचं नाव होतं, 'फॉलपिको'.

माधुरी बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःशीच विचार केला. बोलणार नाय असं कणगीवर म्हटलंय. खेळणार नाय असं कुठं म्हटलंय?

तिनं आव्हान स्वीकारलं.

हा डाव वेगळा होता. आता फोन दोन होते आणि मधे मशीन नव्हतं. आभाळाच्या एका टोकाला माधुरी, दुसऱ्या टोकाला राही, मधे कुठेतरी तलाठी. रोजची एक चाल, कधी दोन दिवसांत एक. खेळात बोलायची सोय मुळीच नव्हती. पाच ठरावीक वाक्यं होती तह आणि युद्धाची, तीही तलाठ्याच्या भाषेतली. कितीतरी आठवडे माधुरीचं यान अंधारातून सरकत राहिलं. मग एका चालीला पडदा हटला आणि राहीच्या हद्दीतला पहिला गोळा दिसला, हिरवा, पाण्याचा. त्यावर त्याचं नाव होतं.

'ताई'.

माधुरीनं त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

मग तिला कळलं. आपल्या गोळ्याचं नाव बदलता येतं. एका चालीत एकाच गोळ्याचं. आणि नाव बारा अक्षरांचं, त्यातही फोनच्या हिशेबात काना वेगळा, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी. म्हणजे आपली पाच-सहा अक्षरंच. पण दोघींनी आपापलं एक टेहळणीचं यान एकमेकींच्या हद्दीवर उभं करून ठेवलं, नुसतं वाचण्यासाठी.

'बरी आहेस ना', माधुरीच्या बर्फाच्या गोळ्यानं विचारलं.

'सासू बरी आहे', राहीच्या गोळ्यानं सांगितलं.

'तू?'

'मी पण'.

'बाबा खोकतात'. 'कडू काढा दे'. 'भात कापला'. 'तवा घेतला'. 'मुरबाड आलो'. 'कुठे?' 'डेअरीमागे'. कधी आठवडाभर एकच विषय चालायचा. राहीनं घरी बसू नये म्हणून माधुरीनं एका मागोमाग एक चार गोळ्यांना एकच नाव दिलं, 'आधी नोकरी'. शेवटी एक दिवस लाल गोळ्यावर उत्तर आलं, 'नोकरी लागली'. कॉम्प्युटर क्लासमध्ये. त्या दिवशी माधुरीनं पेढे आणले. लडकूंनी विचारलं, "कसले?" ती म्हणाली, "मोठी ऑर्डर मिळाली." पेढा त्यांनी खाल्ला.

शपथ मोडली असं तिला वाटलं नाही. आपल्याच गोळ्यावर पाटी लावली, तर त्याला बोलणं कसं म्हणतील? वाचणारीनं वाचली, तो तिचा प्रश्न.

डाव मात्र विचित्र होत गेला. दोघींना जिंकायचंच नव्हतं. शेवटचा गोळा पडला की डाव संपतो, आणि नवा मांडायचा तर पुन्हा आभाळाची दोन टोकं, पुन्हा तो सगळा अंधार, एकमेकींची पाटी दिसायला पुन्हा कितीतरी आठवडे. म्हणून माधुरी सैन्य बांधायची ते फक्त तलाठ्याला राहीपासून लांब ठेवायला. राहीच्या हद्दीवर तो जांभळा आला की माधुरीची यानं मधे पडायची आणि एकेक करून नाहीशी व्हायची. खेळाच्या शहाण्यांनी तो डाव पाहिला असता तर कपाळावर हात मारला असता.

दोन दिवाळ्या अशा गेल्या. दुसरी झाली आणि माधुरीला एकदम ते सगळं जड झालं. फराळाचं ताट तिनं तीन वेळा भरलं आणि तीन वेळा रिकामं केलं, द्यायचं कुणाला? तिनं सगळ्यांत मोठ्या गोळ्याचं नाव बदललं. बारा अक्षरं पुरेपूर वापरली.

'किती दिवस गो'.

दुसऱ्या दिवशी राहीच्या त्या पहिल्या हिरव्या गोळ्यावरचं 'ताई' पुसलेलं होतं. तिथं लिहिलं होतं, 'दिवस गेलेत'.

माधुरीनं वाचलं. खरंच गेलेत, तिच्या मनात आलं. किती गेले. पोरीला ते बोचतंय, आपल्यालाही बोचतंय, आणि आपण तिला रडवतोय नुसतं. 'ताई' पुसून लिहिलंय म्हणजे फारच लागलं असणार. तिची समजूत घालायला हवी. लहानपणी राही पडली, रडली, की माधुरी तिच्या गुडघ्यावर फुंकर घालायची आणि एकच म्हणायची. तेच तिनं आता लिहिलं.

'जाऊ दे'.

आणि चाल संपवली.

त्यानंतर राहीची चाल आली नाही.

पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरत होतं. 'दुसऱ्या खेळाडूची प्रतीक्षा'. दुसऱ्या दिवशी फिरत होतं, आठवड्यानं फिरत होतं. माधुरी फोन उघडायची, बंद करायची. आख्खं आभाळ थांबलं होतं. एक दगडसुद्धा हलत नव्हता. ज्या गोष्टीसाठी तिला हा खेळ आवडला, तीच आता तिच्या छातीवर येऊन बसली होती. समोरचा विचार करतोय, रागावलाय, आजारी आहे की निघून गेलाय, या सगळ्यांना या खेळात एकच चक्र. आणि नियमांत लिहिलं होतं, महिनाभर चाल आली नाही तर डाव बंद, वाट बघणारा विजयी.

वाट बघितली म्हणून विजयी. माधुरीनं ते वाक्य पुन्हा वाचलं नाही.

महिना भरत आला होता, तेव्हा गोजरबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. हर्षाली मागे उभी, पदराशी चाळा करत.

"माधुरी, हिचे सगळे ब्लाऊज सोडून दे. आत शिवणीत माया ठेवलीस ना?"

"माया ठेवलीय ओ, दोन बोटं. पण शिवून आता कुठं चार महिने झाले. जाड झाली काय?"

"जाड कशाला होते? दिवस गेलेत पोरीला."

माधुरीच्या हातातली कात्री थांबली.

"काय म्हणालात?"

"दिवस गेलेत म्हटलं. ऐकू येत नाय काय गो तुला? मशीनीनं कान गेले हिचे," गोजरबाई सुनेला म्हणाल्या. "हिला पेढा दे."

हर्षालीनं पेढा पुढं केला. माधुरीनं तो घेतला आणि हातातच धरून ठेवला. दुकानात ही दोन शब्दांची बातमी ती महिन्यातून चार वेळा ऐकायची. काखेतला मुंढा सैल करा, दिवस गेलेत. सातव्याला हिरवी साडी, तिला दिवस गेलेत. तिच्या धंद्यातलाच शब्द. आणि त्याच शब्दासमोर ती आंधळी झाली, कारण तिनं स्वतः 'किती दिवस' विचारलं होतं, स्वतःच्याच दुःखाच्या नादात होती. 'मला' लिहायला राहीकडे जागा नव्हती. बारात बसत नव्हतं. 'ताई' पुसून, सगळ्यांत जपलेल्या गोळ्यावर, तिनं ती बातमी लिहिली. जगात पहिल्यांदा बहुतेक तिलाच सांगितली.

आणि ताई काय म्हणाली? जाऊ दे.

तीच ताई, जी आधी चार-चार गोळ्यांवरून ओरडत होती, 'आधी नोकरी'.

"काय झालं गो? पांढरी पडलीस."

"काय नाय मावशी. उद्या देते ब्लाऊज." मग तिला आठवलं. "परवा. उद्या दुकान बंद."

त्या गेल्यावर तिनं फोन उघडला. चक्र फिरत होतं. तिनं आपल्या गोळ्यावर बोट ठेवलं, नाव बदलायला. फिकट पाटी आली, 'ही तुमची चाल नाही'. तहाच्या वाक्यावर ठेवलं. 'ही तुमची चाल नाही'. सगळ्या आभाळात एकच बटण तिच्यासाठी उघडं होतं, खाली कोपऱ्यात, 'सामना सोडा'. ते दाबलं असतं तर राहीला कळलं असतं की ताईनं हातचं सोडून दिलं, तेही. नवं आव्हान पाठवावं तर ते राहीनं घ्यायला हवं, आणि घेतलं तरी तो अंधार. राहीचा नंबर बाबांनी तेव्हाच पुसायला लावला होता.

आणि आतापर्यंत राहीनं ऐकलं असेल तर? ताईचं ती लहानपणापासून ऐकत आली होती.

सकाळी चुलीपुढे लडकू म्हणाले, "आज लवकर?"

"हं."

"कल्याणला जातेस? दोरे आणायला?"

माधुरीनं डबा घेतला, सवयीनं टेप गळ्यात अडकवली आणि ती निघाली.

शहापूरहून मुरबाड काही लांब नाही. सापगावचा पूल ओलांडला की तिकडचा रस्ता. एवढ्याशा अंतरासाठी आपण आभाळाच्या दुसऱ्या टोकाला यान उभं करून ठेवलं होतं, हे जीपमध्ये बसल्यावर तिच्या मनात आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "टेलर काय?" माधुरीनं गळ्यातली टेप पिशवीत टाकली. पिशवीत अजून पेढा होता, कालचा.

मुरबाडला उतरून तिनं डेअरी विचारली. काउंटरवरच्या माणसानं कान टोकरत विचारलं, "काय देऊ?"

"मागे कुणी राहतात काय? आदेश म्हणून. कंपनीत आहेत."

"मागे म्हणजे कुठून मागे? आमच्या मागे म्हशी राहतात."

"दुसरी डेअरी आहे काय?"

"आहे ना. पण तिथलं दूध पातळ." मग तिचा चेहरा बघून तो जरा सरळ झाला. "क्लासमधली मॅडम? गोरीशी? ती त्या डेअरीमागे. निळा दरवाजा. पण ती हल्ली जात नाय क्लासला, आजारी आहे म्हणतात."

आजारी. माधुरी त्या शब्दाच्या मागे जवळजवळ धावत गेली.

निळा दरवाजा अर्धा उघडा होता. राही उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. बारीक झाली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. अंगात सैलसर गाऊन. त्या गाऊनमध्ये काय आहे आणि काय नाही, ते माधुरीच्या सरावलेल्या डोळ्यांनाही सांगता येईना. माप घेतल्याशिवाय दिसत नाही, इतक्या लवकर काही दिसत नाही.

राहीनं वर पाहिलं. सूप खाली ठेवलं.

माधुरीनं तोंड उघडलं. कणगीचा खरबरीत स्पर्श तळहाताला आला, बाबांचा आवाज आला, आणि तिनं तोंड परत मिटलं.

"कळलं," राही म्हणाली. "कणगी. नको बोलू. मीच बोलते दोघींचं."

ती उठली, भिंतीला टेकली.

"तू म्हणशील, राही, बारीक झालीस. मी म्हणेन, उलट्या होतात, काय खाल्लेलं राहत नाय, तुझं काय जातं? तू म्हणशील, चाल का नाय केलीस? मी म्हणेन..." तिचा आवाज फाटला. तिनं तो परत जुळवला. "मी म्हणेन, 'जाऊ दे' वाचलं, तेव्हा दोन दिवस जेवले नाय. आदेशला दाखवलं. तो म्हणाला, तुझी ताई असं नाय म्हणणार. मी म्हटलं, तू काय ओळखतोस तिला? मग मीच विचार केला, मी तरी अजून ओळखते काय? दोन वर्षं मी फक्त बारा अक्षरं ओळखते."

माधुरी मान हलवत होती. नाही, नाही.

"मग मला सुचलं. मी चाल केली तर तू काय करशील? दुकानात बसून नाव बदलशील. 'चुकलं' म्हणून लिहिशील, बर्फाच्या गोळ्यावर. मी 'बरं' लिहीन. मग पुन्हा भात कापला, तवा घेतला. पोर होईल, चालायला लागेल, आपण गोळे रंगवत बसू. म्हणून धरून ठेवली चाल. म्हटलं, आता तुला काहीच करता येऊ नये. करायचं तर उठून यावं लागेल, नाय तर जिंकशील." ती हसायला गेली, जमलं नाही. "काल मोजत होते. उद्या-परवा जिंकली असतीस तू."

समोरच्या घरातून कुकरची शिटी झाली. माधुरीनं पुढं होऊन राहीच्या पोटावर हात ठेवला. कणगीवर ठेवलेलाच तो हात.

"राहू दे," ती म्हणाली.

स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. एवढंच निघालं.

राहीनं तिच्या मनगटाला धरलं. "राहिलंय गो," ती म्हणाली. "राहिलंय."

मग दोघी उंबऱ्यात बसल्या. माधुरीनं पिशवीतून टेप काढली, राहीचं माप घेतलं, छाती, कंबर, मुंढा, आणि एकेक आकडा मनातच ठेवला. शिळा पेढा राहीनं खाल्ला आणि तो पोटात टिकला. निघताना ती म्हणाली, "परत येशील?" माधुरीनं पिशवी खांद्याला लावली. ते आता तिच्या एकटीच्या हातात नव्हतं. राहीलाही ते माहीत होतं. ती दारात उभी राहिली, हात न हलवता.

परतीच्या जीपमध्ये, सापगावच्या पुलाशी, फोन थरथरला. 'तुमची चाल.' हिरव्या गोळ्यावर नवं नाव होतं.

'बाबा?'

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. लडकू ओट्यावर बसले होते. खळ्यात झोडलेलं भात तसंच पडलं होतं, ते पोत्यांत भरायचं राहिलं होतं.

"दोरे मिळाले?"

"मुरबाडला गेलेली."

लडकूंचा हात गुडघ्यावर होता, तो तिथंच राहिला. ते म्हणाले, "बोललीस?"

"दोन शब्द."

"काय?"

"राहू दे."

त्यांना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी तो विचारलाही नाही. माधुरीनंच सांगितलं, आत जाता जाता, पाठमोरी, "तिला दिवस गेलेत, बाबा."

ती चुलीपाशी गेली. भाताला आधण ठेवलं. मधल्या खोलीत पावलं वाजली, मग कणगीचं झाकण उचलल्याचा आवाज आला. लडकू आत वाकून बघत होते. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी मूठभर दाणे वर काढले, दिव्यापाशी नेले, तळहातावर पसरले, एकेक बोटानं सारून कुठे घुशीनं कुरतडलंय काय ते पाहिलं. मग ते दाणे परत आत टाकले, झाकण लावलं आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसले.

जेवायला ती दोन ताटं घेऊन बसली. "बाबा, वाढलंय," म्हणून हाक मारली. लडकू ओट्यावरून उठले नाहीत.

माधुरीनं फोन उघडला. 'बाबा?' तसंच उभं होतं, आणि या वेळी तिच्या सगळ्या पाट्या उघड्या होत्या, कुठल्याही गोळ्यावर बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं. काय लिहावं ते तिला ठाऊक नव्हतं. हे उत्तर तिचं नव्हतं. तिनं काहीच न करता फोन बंद केला, पहिल्यांदाच चाल हातात धरून ठेवली, आणि ताटावर ताट झाकून बाबांची वाट बघत बसली.